वाढत्या अंगाचा टर्बो

देवाशपथ सांगते, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं तरी चालेल, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. घाटकोपरच्या रुक्मिणीने आपल्या गाडीला वाढत्या अंगाचा टर्बो घेतला होता.

रुक्मिणी साठीत गाडी शिकली. तेव्हापासून कुठे जायचं तर नवऱ्याला "अहो, सोडता का" म्हणायची गरज उरली नाही. त्या चिमुकल्या डिझेल गाडीवर तिचा भारी जीव. आणि नेमका तिचाच टर्बो गेला. सीताराम म्हणाला, भंगारात देऊ. दोन दिवस घरात भांड्यांनीच बोलणं केलं. शेवटी ठरलं, नवा टर्बो टाकून रविवारी आरेचा चढ चढली तर गाडी राहील. नाहीतर रुक्मिणीने पुन्हा सीतारामच्या स्कूटरवर मागे बसायचं, पदर सांभाळत.

अंधेरीच्या नंदकुमारने गॅरेजात दोन टर्बो समोर ठेवले. एकाच्या नंबरात शेवटी पस्तीस, दुसऱ्याच्या साठ. हे आतल्या चाकाचं माप, मिलिमीटरमध्ये, असं त्याने सांगितलं. इंजिनाच्या धुराने चाक फिरतं, ते फिरलं की इंजिनात हवा कोंबली जाते, वगैरे पुष्कळ सांगितलं. रुक्मिणीने फक्त 'माप' ऐकलं. मापातलं तिला कोण शिकवणार? घरात आजवर एक कपडा नेमका बसेल असा आणला नव्हता. नातीचा, ऋताचा, पहिलीत घेतलेला फ्रॉक चौथीत मापात आला होता.

"साठवाला दे."

"मावशी, इंजिन काय वाढत नाही."

"तुला काय माहीत? खाण्यापिण्यावर असतं."

नंदकुमारने कपाळाला हात लावला आणि तोंड जुळेना म्हणून मधे पट्टी वेल्ड करून साठवाला बसवून दिला.

रविवारी रुक्मिणी चालवायला, शेजारी सीताराम, मागे ऋता. चढाच्या तोंडाशीच तबेल्यातल्या म्हशी आडव्या आल्या. गाडी हळू झाली ती झालीच. रुक्मिणीने पाय पार खाली दाबला. मागे काळा धूर, आत नुसती घरघर, आणि गाडी गोगलगायीसारखी. डावीकडून एक म्हैस पुढे गेली. जाताना वळून बघितलं तिने.

"म्हशीक इचार," सीताराम म्हणाला, "दोरी बांधून ओढीत व्हरता काय ती."

मागून ऋता हळूच म्हणाली, "आजी, माझे पहिलीतले बूट आठवतात?"

आठवणार नाहीत तर काय. पुढे कापूस कोंबलेले. शर्यतीची शिट्टी वाजली तेव्हा ऋता पुढे पळाली आणि बूट जागेवरच राहिले. रुक्मिणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढ्याशा इंजिनाचा श्वास तो केवढा. त्याने साठचं चाक फिरायला लागेपर्यंत चढ संपायचा, नाहीतर आयुष्य.

तिने गाडी कडेला घेतली. "अहो, गाडी नापास नाही, मी नापास. तिला एक रविवार द्या."

लग्नापासून हे वाक्य सीतारामने ऐकलं नव्हतं. तो एवढा हसला की नाही म्हणायचंच विसरला.

पुढच्या रविवारी पस्तीसवाल्यावर गाडी भुर्रकन चढली. सीतारामची स्कूटर घराखालीच उभी राहिली. साठवाला माळ्यावर आहे, कधी मोठी गाडी घेतली तर असावा म्हणून.

आता एक कबूल करते, ती रुक्मिणी म्हणजे मीच. म्हशीने वळून बघितलं नव्हतं. एवढं कशाला बघेल ती आमच्याकडे.