नोंद कोणाच्या नावावर?

मी एक जुना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. नाव जड आहे, म्हणून कॉलेजात सगळे मला 'डबा' म्हणत. खोलीतली हवा आत ओढायची, तिच्यातला प्राणवायू वेगळा काढायचा आणि बारीक नळीने माणसाच्या नाकापर्यंत पोचवायचा, एवढेच माझे काम.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला, पण घर मिळाले ते ग्रंथालयात. साथ आली, इस्पितळांत खाटा मिळेनात, तेव्हा कॉलेजातल्या सगळ्यांनी वर्गणी काढून मला आणले. "आपण एक परिवार आहोत," प्राचार्य माझ्याकडे हात करून म्हणाले. मला ठेवायचे कुठे, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी कोणीतरी म्हणाले, वस्तू देण्याघेण्याची सवय ग्रंथालयालाच आहे. मग माझ्या अंगावर दाखल क्रमांक पडला, पाठीवर तारखांची चिठ्ठी चिकटली आणि पुस्तकाचे सगळे नियम मला लागू झाले. सभासदाच्या कार्डावरच द्यायचे, सात दिवसांनी परत घ्यायचे.

मला घरोघरी नेत ते ग्रंथालयाचे शिपाई, मामा. वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधायच्या दोरीने ते मला स्कूटरवर पायांपाशी बांधत. लोक दार किलकिले करून आतूनच बोलत.

"सर, डबा आणलाय. बाटलीत खुणेपर्यंतच पाणी घाला, उकळून गार केलेलं."

"मामा, आवाज फार करतो हो हा!"

"करू द्या की. तुमचा आवाज आम्ही बावीस वर्षं ऐकतोय, कधी तक्रार केली का?"

आतून खोकत खोकत हसू येई. परत आलो की मामा माझ्या फिल्टरचा स्पंज धुऊन सावलीत वाळवत. अशी अकरा घरे झाली. नऊ घरांतली माणसे उठून बसली. तेव्हा माझे फार कौतुक झाले.

बाराव्या खेपेला मामाच आजारी पडले. त्यांची मुलगी दुपारी ग्रंथालयात आली. मी धुऊनपुसून, रिकामा, टेबलाशेजारी उभा होतो.

"बाई, बाबांचा ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवर आलाय. खाट मिळेपर्यंत डॉक्टरांनी डबा लावायला सांगितलाय."

"अगं, मग ने ना! मामांना नाही द्यायचा तर कोणाला?" ग्रंथपाल बाईंनी घाईघाईने कार्डाचा क्रमांक टाकला. पडद्यावर अक्षरे उमटली : सभासदत्व समाप्त.

मामा बावीस वर्षे तात्पुरते होते. दर वर्षी अकरा महिन्यांचा आदेश संपे, मध्ये काही दिवस खंड पडे, मग नवा आदेश निघे. आदेश संपला की कार्डही बंद. त्या वर्षी कार्यालय बंद असल्यामुळे नवा आदेश निघालाच नव्हता. शेवटच्या चार घरी मामा मला घेऊन गेले, तेव्हा ते कागदोपत्री कॉलेजचे कोणीच नव्हते.

"चावी माझ्याकडे आहे, डबा समोर आहे," बाई म्हणाल्या, "पण नोंद कोणाच्या नावावर करू गं? मागच्या तपासणीत एक शब्दकोश कमी भरला, तर तीनदा लेखी खुलासा द्यावा लागला मला."

"माझ्या नावावर करा. मी इथंच शिकलेय."

"माजी विद्यार्थ्यांना नाही चालत."

बाईंनी प्राचार्यांना फोन लावला. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "मामा आपलेच आहेत हो. म्हणूनच सगळं रीतसर होऊ दे. उद्या ग्रंथालय समितीची ऑनलाइन बैठक घेतो."

मुलीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी बैठकीला पुरेसे सदस्य जमले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी एकमताने मंजुरी मिळाली. बाईंनी लगेच फोन केला. मुलगी म्हणाली, "आता गरज नाही. आभारी आहे."

शोकसभेत प्राचार्य म्हणाले, परिवारातला एक सदस्य गेला. वार्षिक अहवालात माझा फोटो छापला, खाली 'अकरा कुटुंबांना आधार' असे लिहून. साथ ओसरल्यावर मला मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांत ठेवले. फिल्टरचा स्पंज आता हात लावला तरी भुगा होतो.

एकदा मुलगी मामांच्या खणातल्या वस्तू न्यायला आली. चष्मा, दाभण, डिंकाची बाटली. खण माझ्याच शेजारच्या टेबलाचा. बाई दारात उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी मी तुला माझ्या कार्डावर डबा देऊ शकले असते. घरी गेल्यावर सुचलं. पण प्रकरण समितीकडे गेलं होतं, म्हणून गप्प बसले."

मुलीने खण लावून घेतला. "बाबांना त्याच दिवशी सुचलं होतं. मी तुमच्याकडे परत यायला निघालेही होते. त्यांनी हात धरून बसवलं मला. म्हणाले, बाईंना अडचणीत आणू नकोस."

मुलगी पिशवी उचलून निघून गेली.

मित्रांनो, मी यंत्र आहे. कोणी बटण दाबल्याशिवाय मला काही करता येत नाही. तुम्हाला येते. वर्षानुवर्षे तुमची कामे करणारा माणूस आजारी पडला, तर तो मागेल म्हणून वाट पाहू नका. तो मागणार नाही.