काळी रेघ

पेनाचं टोपण आणि दांडा... तिनं लाकडाचे ते दोन तुकडे खिडकीपाशी नेऊन एकमेकांना टेकवले, आणि लाकडातली काळी रेघ टोपणाच्या काठाशी येऊन थांबली. पुढे दांड्यावर ती नव्हतीच. तिनं दांडा जरा फिरवला. नाही. आणखी थोडा... चष्मा पुसून पाहिला, तरी नाही.

तिचं काम एवढंच असायचं. लेथवर लाकूड तासायचं ते नवऱ्यानं, नखशिखांत भुश्यानं माखायचं ते त्यानं – ती त्याला भुसोबाच म्हणायची, आणि तोही "भुसोबाला चहा मिळेल का?" असं आतूनच ओरडायचा – पण पेनाच्या किटमधले धातूचे भाग प्रेसमध्ये दाबून पेन जोडायची वेळ आली की तिला हाक मारायचा. "ये, तुझा डोळा लाव." मग ती दोन्ही तुकड्यांवरच्या रेषा जुळवून द्यायची आणि तो मुकाट्यानं प्रेसची मूठ ओढायचा.

लाकूड एकच, त्याचे दोन तुकडे करायचे, वरचा टोपणाला, खालचा दांड्याला. मिटलेल्या पेनात कापल्याची जागा कळता कामा नये म्हणून कापण्याआधी तो पेन्सिलीनं तिरकी खूण करून ठेवायचा, म्हणजे आत पितळी नळी चिकटवताना तुकडा उलटा व्हायला नको. त्याचा कधीच झाला नव्हता. प्रदर्शनात दुसऱ्या कुणाचा झालेला दिसला की तो तिला कोपरानं ढोसायचा, आणि दोघं दाराबाहेर पडेपर्यंत हसू दाबून धरायची – किती दुष्टपणा तो, पण मजा यायची...

आणि हा दांडा उलटा होता. टोपणाला लागून हवं होतं ते टोक मागे, शेपटीला गेलं होतं. आता काही करता येण्यासारखंही नव्हतं. शेपटीकडे तो निमुळता तासून झालेला, निब त्या बाजूला बसणारच नाही. म्हणजे मुलगा म्हणत होता तेच खरं.

लाकूड त्यांच्या पहिल्यावहिल्या टेबलाचं. एक पाय कायम डुगडुगायचा, त्याखाली पुठ्ठ्याची घडी... त्याच पायाचं पेन त्यानं तासलं, हात थरथरत असताना, आणि पलंगावर उशीला टेकून म्हणाला, "टेबलाचं पेन तुझं बरं का. नीट बघ." आणि त्याच संध्याकाळी, ती औषध घेऊन आली तेव्हा, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं – "तुम्ही कोण? कुणाकडे आलात?" त्यानंतर तो बोलला नाही.

"आई, ते बाबा नव्हते बोलत, आजार बोलत होता," मुलगा म्हणाला होता. समजूत घालायलाच. तिनं मान डोलावली होती. पण मग 'तुझं' म्हणाला तेही आजारच? तिनं मनाशी वाटणी करून टाकली होती – 'तुम्ही कोण' आजाराचं, 'तुझं' त्याचं. तेवढ्यावर तिचे दिवस निघत होते. आता हा उलटा दांडा सांगत होता की ते तासलं तेव्हाच तो कुठेतरी निघून गेला होता, आणि 'तुझं' कुणाला म्हणाला, देव जाणे.

"आई, लेथ विकत घेणारे चारला येतायत." मुलगा दारात उभा होता. "प्रेसपण द्यायची ना?"

"थांब. एवढं एक जोडते."

तिनं एकेक भाग दाबून बसवला. दर वेळी मूठ ओढायला तो असायचा. आज तिला दोन्ही हात लावावे लागले. मुलानं तयार पेन उजेडात धरलं, बोटांत फिरवलं. त्यालाही कळलंच, भुसोबाचाच मुलगा.

"उलटं लागलंय गं." मग हळूच, "बघ, तेव्हापासूनच त्यांना काही कळत नव्हतं. तू उगाच मनाला लावून घेतेस." आणि तोंड फिरवून तो लेथवरचा भुसा झटकू लागला, जो आता झटकायची काही गरज नव्हती.

ती पेन घेऊन आतल्या टेबलाशी बसली. शाई भरली. वाया गेलेलं असलं तरी पेन चालवून बघायचं, ही त्याचीच शिस्त. टोपण काढून तिनं सवयीनं मागे खोचलं – टोपण मागे नसेल तर पेनाला तोल नाही म्हणायचा, आणि चिडायचा, लोक माझी पेनं मखमलीच्या डबीत मिटून ठेवतात, लिहीत कोणी नाही, नुसती शोभा! – घट्ट बसावं म्हणून टोपण जरा पिळलं, आणि तिचा हात थांबला.

काळी रेघ दांड्यावरून शेपटीला आली आणि तशीच टोपणावर चढली. न तुटता.

तिनं टोपण काढून पुढे लावलं. तुटली. मागे खोचलं. जुळली. अर्थात... ते टोक शेपटीला गेलेलं, मग टोपण शेपटीला लागलं की जुळणारच. उलटं लागलं की असंच होणार, कुणाचंही. मिटलं की तुटणार, लिहायला घेतलं की जुळणार. मुलगा हेच म्हणेल, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

नीट बघ, म्हणाला होतात.

अहो, पण तुम्ही हे करून ठेवलंत, की झालं तुमच्या हातून? आणि करून ठेवलंत तर मग संध्याकाळी मला 'कुणाकडे आलात' कसं विचारलंत? तो गेल्यापासून पहिल्यांदाच तिला त्याचा राग आला, चांगला भांडणाएवढा राग, समोर असता तर पेन टेबलावर आपटून विचारलं असतं. आणि समोर कुणी नाही हे त्या रागातच तिला असं लख्ख कळलं, की ती टेबलाची कड धरून हुंदके देऊ लागली.

"आई?" मुलगा धावत आला. कितीतरी वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग काहीतरी करायचं म्हणून पेनाकडे हात नेत म्हणाला, "टोपण लावू का? शाई वाळेल निबवर."

"नको," ती म्हणाली. "राहू दे तसंच."