चपलेचा नंबर अधिक दोन

बाईंनी भिंगरीच्या बुटाच्या टाचेत मागून बोट खुपसून पाहिलं. बोट जाईना. करंगळी घातली, तीही जाईना. मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीपाशी पोरगी बगळ्यासारखी एका पायावर उभी होती, आणि दुसरा पाय बाईंच्या मांडीवर.

"घट्ट आहेत," बाई म्हणाल्या. "उद्याच्या उद्या परत कर."

"घट्ट नाहीत, बाई. बरोबर आहेत."

"टाचेत बोट जात नाही आणि म्हणे बरोबर! नंबर काय?"

"पाच."

"आणि चपलेचा?"

"पाचच."

मागे उभ्या असलेल्या पोरी फिसकन हसल्या. कारण या टीममध्ये आल्या दिवशी चेंडूच्या आधी एक हिशेब हातात पडायचा: चपलेचा नंबर अधिक दोन, म्हणजे बुटाचा नंबर. खेळाच्या बुटांचे नंबर वेगळेच असतात, असं बाईंचं ठाम मत होतं, आणि बाईंच्या ठाम मतापुढे कोण बोलणार? बाजारातल्या दुकानदारालाही ते पाठ झालं होतं. "बाईंच्या टीममधली ना?" असं म्हणून तो परस्परच दोन नंबर वरचा खोका काढायचा. मुलींचे म्हणून त्याच्याकडे जे बूट यायचे ते मुलांचेच, लेस तेवढी गुलाबी. आत जी जागा उरायची तिथे कापूस. सामन्याच्या दिवशी चौदा जणी गोल करून बसायच्या आणि कापसाचे बोळे वळायच्या. कुणाचा बोळा लाडवाएवढा झाला, कुणाचा चपटा झाला, यावरून चिडवाचिडवी चालायची. बाई त्या गोलात मधोमध. स्वतःच्या सात नंबरच्या बुटांत बोळे कोंबल्याशिवाय आपण मैदानात उतरतोय असं त्यांना वाटायचंच नाही.

बाई शाळेत खेळ शिकवायच्या. वय चव्वेचाळीस, आवाज असा की शिट्टी घरी राहिली तरी काही अडत नसे. वीस वर्षं त्या ही फुटबॉलची टीम चालवत होत्या आणि टीमची एक खूण होती, तीन पावलं. चेंडू घेऊन पळताना वळायचं झालं की आधी थांबायचं, जागच्या जागी तीन छोटी पावलं टाकायची, टक टक टक, आणि मग वळायचं. समोरची पोरगी तेवढ्यात पुढे निघून जाते, असं बाई सांगायच्या, आणि कधीकधी ती जायचीही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पोरवयात आपसूक जमलं होतं, म्हणून तर त्याचा अभिमान जास्त.

विसाव्या वर्षी त्यांचं स्वतःचं नाव मोठ्या टीमच्या शेवटच्या यादीतून गळलं होतं. शेरा होता, वळायला वेळ लावते. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी उठल्या त्या एक गोष्ट पक्की करूनच: त्या माणसांना खेळातलं काही कळत नाही. तेव्हापासून ती तीन पावलं त्यांनी आणखीच घट्ट धरली.

"चल, एक चक्कर मारून दाखव," बाई भिंगरीला म्हणाल्या.

भिंगरी चेंडू घेऊन निघाली. गोलच्या खांबापाशी पोचली, आणि कुणाला काही कळायच्या आत वळून परत निघालीसुद्धा. ना थांबली, ना टकटक.

"ए!" बाई ओरडल्या. "तीन पावलं कुठे गेली?"

"विसरले, बाई."

"परत."

या खेपेला ती थांबली, तीन पावलं टाकायला गेली आणि दुसऱ्याच पावलाला अडखळली. चेंडू एकीकडे, ती एकीकडे. तिसऱ्या खेपेलाही तेच. उठून गुडघ्यावरची माती झटकत ती म्हणाली, "पाय ऐकतच नाहीयेत, बाई. ते आधीच वळतात."

"पाय तुझे की शेजाऱ्यांचे? बूट बदल, आपोआप ऐकतील." मग बाईंनी आवाज जरा खाली आणला. "हे बघ, रविवारी सामना बघायला मोठ्या टीमच्या निवडीची माणसं येणार आहेत. तुझं वय बघता तुझी ही शेवटची संधी. पण माझ्या टीममध्ये माझ्या पद्धतीने खेळायचं. तीन पावलं दिसली नाहीत, तर तू बाकावर. यादी शनिवारी लागेल."

बाकावर म्हणजे संपलंच. बाकावर बसलेली पोरगी निवडीच्या माणसांना दिसणार कशी? भिंगरीचे डोळे भरून आले, पण रडली नाही. मान खाली घालून लेस सोडत म्हणाली, "आत्याला विचारते."

दुसऱ्या दिवशी आत्याच आली. सडपातळ, चष्म्याची, कानावर पेन्सिल. दवाखान्यात पेशंटच्या मापाचे बूट-चपला करून देतात, त्या खोलीत ती काम करायची. काम सुटल्या सुटल्या तशीच आली होती, पिशवीतून एप्रनची बाही लोंबत होती.

"बूट परत करायला सांगितलेत म्हणे," तिने बाईंना विचारलं.

"सांगितलेत. पोरीला कुणीतरी फसवलंय."

"मीच फसवलंय. चार दुकानं पालथी घातली त्यासाठी. पहिल्या तिघांनी मुलांचे बूट पुढे केले. एक तर म्हणाला, गुलाबी लेस घालून देतो, मुलींचे होतात. चौथ्याकडे वरच्या फळीवर धूळ खात पडले होते. बायकांच्या मापाचे आहेत, पण कुणी मागतच नाही, म्हणाला."

"बायकांचं माप काय वेगळं असतं? पाय तो पाय."

"वा! असं कसं?" आत्याने पिशवीतून कागद काढला आणि टाकीच्या कठड्यावर पसरला. त्यावर भिंगरीच्या पायांची पेन्सिलने काढलेली आकृती होती. "ही टाच बघा, अरुंद. आणि पंजा त्या मानाने पसरट. आपल्या बहुतेक बायकांचं असंच असतं. मुलांचा बूट पंजाला बसेल असा घेतला, की टाच आत नाचते. तिथे मग तुम्ही कापूस भरता. तोही पुढे. नाचतंय मागे आणि भरताय पुढे!"

पोरी खुदखुदल्या. बाईंनी नुसतं वळून बघितलं, तशा गप्प झाल्या.

"वीस वर्षं खेळवतेय मी पोरींना," बाई म्हणाल्या. "एकीची तक्रार नाही."

"बुटात पाय घसरला की नख आपटून काळं पडतं. तसं कुणाकुणाचं आहे?" आत्याने पोरींनाच विचारलं.

आधी कुणी हललं नाही. मग एक हात वर झाला, मग दुसरा, मग एकदम नऊ. बाईंनी मोजले. त्यांना वाटायचं, नखं काळी पडणं म्हणजे मन लावून खेळल्याची निशाणी. त्यांची स्वतःची दोन तशी होती.

"तुम्ही उभ्या राहा बरं या कागदावर," आत्या म्हणाली. "बसून नाही, उभ्याने. वजन पडलं की पाय पसरतो, खरं माप तेव्हा कळतं."

"माझं कशाला?"

"घाबरताय का?"

असं कुणी म्हटलं की बाई मागे हटणाऱ्यांतल्या नव्हेत. बूट काढले, मोजे काढले, राहिल्या उभ्या. आत्या खाली वाकली, पेन्सिल उभी धरून तिने पायाभोवती फिरवली. गुदगुल्या झाल्या, पण बाईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग आत्याने बाईंचा उजवा बूट उचलला आणि आतून कापसाचा बोळा बाहेर ओढला. चांगला मुठीएवढा होता.

"चपलेचा नंबर काय तुमचा?"

"पाच."

"आणि हे सात. कुणी सांगितलं तुम्हाला सात?"

"सांगायचंय काय त्यात? पहिल्यापासून सातच घालते मी."

"पहिले बूट कुठून घेतले होते?"

"घेतले कुठे? दादाला नवे आले, त्याचे जुने मला. तेरा वर्षांची होते. तोपर्यंत अनवाणीच खेळायचे. आईनेच कापूस भरून दिला होता, म्हणाली..." बाई बोलता बोलता थांबल्या.

"तेव्हा चपलेचा नंबर?" आत्याने हळूच विचारलं.

"पाच."

"आणि दादाचे बूट?"

बाईंनी आत्याच्या हातातून तो बोळा घेतला. बुटाशी धरून पाहिला, मग कठड्यावर ठेवला. भिंगरी सोडून तेरा पोरी, सगळ्या जणी चपलेच्या नंबरात दोन मिळवून आलेल्या, आता एकमेकींच्या बुटांकडे बघत होत्या. हसायचं की नाही, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"सात," बाई म्हणाल्या. मग शिट्टी तोंडात धरली आणि जोरात फुंकली. "बघता काय? पाच चकरा! पळा!"

पोरी पळाल्या. भिंगरीही निघाली, तेव्हा बाई म्हणाल्या, "तू थांब. बूट काढ."

तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आता परत करायला लावणार. पण बाई कठड्यावर बसल्या आणि ते बूट स्वतःच्या पायांत चढवायला लागल्या. लेस ओढता ओढता त्यांचा हात सवयीने कापसाकडे गेला. आत्याने तो बोळा आधीच उचलून पिशवीत टाकला होता.

बूट पायाला बसले, पण बाईंना ते बसणंच विचित्र वाटलं. टाच मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. चेंडू घेऊन त्या खांबाकडे निघाल्या. खांबापाशी पाय थांबले, टक टक टक करायला गेले आणि बाई तोंडावर पडता पडता वाचल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. पुन्हा तेच. पळणाऱ्या पोरींचा वेग मंदावला, पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी काही ठरवलंच नाही. खांब आला, पाय वळला, आणि त्याच्यासोबत बाई वळल्या. चेंडू पायाशीच. पुढे मैदान मोकळं.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. दादाच्या बुटात पाय आधी वळायचा आणि सैल बूट मागे राहायचा. तीन पावलांत तो बूट पायाशी यायचा. एवढंच होतं ते. समोरची पोरगी पुढे निघून जाते म्हणे! त्यांना स्वतःचीच एवढी लाज वाटली, की पोरींकडे तोंड वळवेना. वळायला वेळ लावते. खरंच तर होतं. त्या माणसांना खेळ कळत होता, त्यांनी पाय बघितले होते. फक्त पायात काय आहे ते कुणी बघितलं नव्हतं, बाईंनीसुद्धा नाही. आणि तोच शेरा त्या वीस वर्षं एकेका पोरीच्या पायात बांधत आल्या होत्या. आई गं, किती जणी झाल्या असतील!

आत्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बाकीच्यांचं काय करू?" बाईंनी विचारलं. आवाज ठीक होता. "रविवार तीन दिवसांवर आलाय."

"त्यांच्या बुटांत तीन पावलंच बरी. नाहीतर घोटे मुरगळतील. मोज्यांच्या दोन जोड्या घाला, लेस वरून आवळा. सोमवारी मी कागद घेऊन येते."

"सोमवारी नको, रविवारी सामना संपला की लगेच ये. आणि मोठा कागद आण, चौदा जणी आहेत." बाईंनी जरा थांबून जोडलं, "पंधरा."

शनिवारी यादी लागली. भिंगरीचं नाव पहिलं होतं. खाली बाईंच्या अक्षरात एक ओळ होती: हिने कसं वळायचं ते हिने ठरवावं. पोरींनी ती तीनतीनदा वाचली, कारण बाईंनी कुणाला काही ठरवू दिल्याचं अजून कुणी ऐकलं नव्हतं.

रविवारी सामन्याआधी गोल बसला. बोळे वळले गेले, थट्टामस्करी झाली. या वेळी दोघींच्या हातांत कापूस नव्हता. बाईंच्या पायांत नवे बूट होते, चौथ्या दुकानातले, त्याच धूळ खाणाऱ्या फळीवरून आणलेले. त्यांना काही खेळायचं नव्हतं, पण त्या सकाळपासून ते घालून हिंडत होत्या. नवे बूट असूनही लंगडत नव्हत्या, हे पोरींनी एकमेकींना खुणेने दाखवलं.

भिंगरी उत्तरार्धात तीनदा उजव्या कडेने सुटली. दोनदा तिच्या मागे धावणारी पोरगी तिच्यासोबत वळायच्या नादात जमिनीवर बसली. तिसऱ्या वेळी गोल झाला. बाकीच्या तेरा जणी, बाकावरच्यासुद्धा, टक टक करत पळत येऊन तिच्या अंगावर पडल्या.

निवडीच्या माणसांतला एक जण, टोपीवाला, वही घेऊन बाईंपाशी आला.

"ही उजव्या कडेची. वळते काय सुरेख! तुमच्या टीमच्या पोरी वळायला वेळ लावतात, असं ऐकून होतो. हिला तुम्ही वेगळं शिकवलंत का?"

बाईंनी मैदानाकडे बघितलं. भिंगरी खाली बसून लेस पुन्हा बांधत होती.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "मी तर तिला थांबवायला बघत होते."

टोपीवाल्याला वाटलं, बाई थट्टा करतायत. तो मोठ्याने हसला आणि वहीत काहीतरी लिहू लागला. बाईही हसल्या. मग कठड्यावर आत्याने पसरलेल्या मोठ्या कागदापाशी गेल्या, नवे बूट काढले आणि मैदानाकडे बघून हाक मारली, "या गं सगळ्या. मोजे काढून या. आणि बसायचं नाही, उभं राहायचं."