बोटांवरचा भार

हेड कोचला नारळ मिळाला की त्याच्या हाताखालचे सगळेच घरी बसतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं. माझा नवरा स्टॅन अमेरिकन फुटबॉलच्या लाइनचा कोच. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना अडवणारे ते पाच दांडगे गडी असतात ना, त्यांना घडवणारा. 'शेजारच्याला एकटं सोडायचं नाही' हे पोरांच्या कानीकपाळी ओरडण्यात त्याचा जन्म गेला. पेपरात त्याचा फोटो कधी आला नाही, शिव्या मात्र वेळेवर आल्या. ओहायो, आयोवा, कॅन्सस, आमचं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. शेवटी पेन्सिल्वेनियात, माझ्या माहेरगावाजवळ घर घेतलं. आता हलायचं नाही, असा शब्द दिला होता त्याने मला.

यंदा नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर पुन्हा नारळ मिळाला. आठवडाही गेला नाही तोच टेक्सासहून वेंडेलचा फोन. वेंडेल त्याच्या हाताखाली खेळलेला पोरगा, आता स्वतःच हेड कोच झालेला.

"कोच, मला तुम्हीच हवे आहात. संध्याकाळपर्यंत कळवा."

मी पिरोगीच्या पाऱ्यांत बटाट्याचं सारण भरत होते. स्टॅन टेबलावर हात टेकून माझ्यासमोर उभा राहिला.

"जायचं," तो म्हणाला. "अजून दहा वर्षं आरामात काढीन."

"गुडघे कुणाचे नेणार? जिना उतरताना आई आठवते तुला."

"तिकडे ऊन असतं. नाही दुखत."

उचलली जीभ लावली टाळ्याला! माझं घर चाललं होतं आणि हा मला हवामान सांगत होता. लाटणं आपटलं मी. तेवढ्यात त्याच्या हाताकडे लक्ष गेलं.

लग्न झालं त्या वर्षी त्यानेच मला शिकवलं होतं. डाव सुरू होण्याआधी जमिनीवर हात टेकून बसलेल्या गड्याची बोटं बघायची. दाबून पांढरी पडली असतील तर तो पुढे मुसंडी मारणार. सैल असतील तर मागे सरणार.

स्टॅनची बोटं सैल होती.

की मला हवं तेच मला दिसत होतं? खात्री करायची रीतही त्याचीच. सरावात तो गड्याचा टेकलेला हात अचानक ओढून काढतो. पुढे भार टाकलेला गडी सपशेल तोंडावर पडतो. मी पिठाच्या हाताने स्टॅनचं मनगट धरलं आणि ओढलं.

तो जागचा हललाही नाही. सगळा भार टाचांवर होता.

"माझीच विद्या माझ्यावर," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. डोळे पुसले. "नाही गं जायचं मला, इर्मा. पण लाइनवर नसलो तर मी कोण, तेच मला कळत नाही."

माझा जीव तुटला. "ते बघू आपण. आधी वेंडेलला कळव."

"तू करतेस फोन? त्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही."

"मुळीच नाही. तुझा फोन तूच करायचास."

त्याने नंबर लावला. मी माझी खुर्ची ओढली आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले.

"वेंडेल," तो म्हणाला, "मी येत नाही रे बाबा. एकटा आहे का म्हणतोस? नाही, एकटा नाहीये. इर्मा आहे शेजारी."