गुरुवारचं सूप

"दार उघडा की हो, डीट्रिक! सूप थंड होतंय."

डीट्रिक वीबनं साखळी न काढता दार किलकिलं केलं आणि फटीतून हात बाहेर काढला. "बरणी द्या."

"आत येऊन गरम करून दिलं तर काय बिघडेल तुमचं?"

"बिघडेल. बरणी द्या."

शेजारची सूझी लोवेन दर गुरुवारी कोबीचं सूप आणायची. चर्चची बाई, त्यात गोड बोलणारी. म्हणजे नक्कीच विनिपेगला राहणाऱ्या लेकीची, मार्गारेटची हेर! गेल्या महिन्यात डीट्रिक शेगडी बंद करायला विसरला होता. लेकीला कळलं तर रवानगी थेट वृद्धाश्रमात. जन्मभर लोकांची घरं बांधलेल्या सुतारानं स्वतःच्या घरातून निघायचं? छट्!

चर्चवाल्यांची खोडही त्याला ठाऊक होती. रविवारी एकेक जण उभा राहतो, अमक्यासाठी प्रार्थना करा, तमक्यासाठी करा म्हणतो. प्रार्थना कसली, गावभर दवंडीच! सूझीनं त्याचं नाव घेतलं की संध्याकाळच्या आत मार्गारेटचा फोन.

तिला रंगेहाथ पकडायला तो कित्येक वर्षांनी चर्चमध्ये गेला आणि शेवटच्या बाकावर बसला. सूझी उभी राहिलीच.

"माझ्यासाठी प्रार्थना करा," ती म्हणाली. "हे गेल्यापासून एकटीसाठी रांधावंसं वाटत नाही. एक शेजारी माझ्या हातचं घेतो, म्हणून गुरुवारी तरी काहीतरी शिजतं. त्यानं नको म्हणू नये, एवढंच मागा."

डीट्रिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी घरी जाताना मनात आलंच, मला बघून तर बोलली नसेल?

गुरुवारी मात्र त्यानं साखळी काढली. "या. पण इकडंतिकडं बघू नका."

न बघून कसं चालेल! शेगडीजवळच्या खिडकीचा पडदा खालून निम्मा जळला होता. सूझी तिथंच थबकली.

"मार्गारेटला सांगणार?" डीट्रिकचा आवाज चिरकला.

तिनं सूप गरम केलं, शेगडी बंद केली. मग पडदा उतरवून, घडी घालून पिशवीत ठेवला.

"उंचीला जरा जास्तच होता," ती म्हणाली. "कापून, टीप मारून आणते. पण उद्यापासून तुमचं जेवण माझ्याकडे. या शेगडीला हात लावायचा नाही."

"माझ्या घरात मला हुकूम?"

"हो."

डीट्रिकनं शेगडीची बटणं एकेक करून ओढून काढली, सदऱ्याला पुसली आणि तिच्या तळहातावर ठेवली.