सातवं पान

"सहा पानं आहेत, सर. पण बाईंना हवंय काय, ते कुठंय?"

कोर्टाच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. सरांच्या मागे त्यांचे बारा विद्यार्थी, शेजारी अर्ज करणारी बाई, इस्पितळातली आया. घरमालकाने तिच्या खोलीला कुलूप ठोकलं होतं आणि उद्या सकाळी तो भिंत पाडणार होता. आज मनाईहुकूम मिळाला नाही तर खेळ खलास. खिडकी एकला बंद व्हायची.

सव्वीस वर्षं सर कायदा शिकवत होते, कोर्टाची पायरी न चढता! पोहायला शिकवणारा मास्तर काठावर कोरडा ठणठणीत, आणि पोरं बुडाली की म्हणायचं, अभ्यास कमी पडला. आता नव्या अभ्यासक्रमाचं फर्मान निघालं: प्रत्येक प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना घेऊन एक खरं प्रकरण तडीस न्यावं. सरांनी अर्जात मनाईहुकुमाच्या तत्त्वाचा उगम लिहिला, विकास लिहिला, मतभेद लिहिले. मागणी तेवढी राहिली.

"सर, पावणेएक झाला," एक विद्यार्थिनी कुजबुजली.

"थांब गं! म्हणजे... तत्त्वतः..."

"अहो, तत्त्व घाला चुलीत," कारकून म्हणाला. "बाईंना विचारा की!"

ते सुचलंच नव्हतं. सर आयाकडे वळले. "काय हवंय तुम्हाला?"

"कुलूप काढा. भिंतीला हात लावू नका. आणखी काय मागू?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी कोऱ्या कागदावर तेच शब्द उतरवले, तिची सही घेतली. शिक्का पडला तेव्हा एकाला दोन मिनिटं कमी होती.

"तीनला पुकारा होईल. उभं कोण राहणार?"

सरांना उभं राहता येत नव्हतं. नोकरीला लागताना वकिलीची सनद त्यांनी परत केली होती.

"मीच राहते," आया म्हणाली. "राहते तर मीच ना त्या खोलीत."

तीनला ती एकटी पुढे गेली. सर शेवटच्या बाकावर. न्यायाधीशांनी सहा पानं एका झटक्यात उलटली, हाताने लिहिलेलं सातवं वाचलं आणि घरमालकाच्या वकिलाकडे मान वळवली.

"कुलूप कधी काढताय?"

विद्यार्थी भराभर वह्यांत लिहू लागले. सरांनी खिशातलं पेन काढलं आणि शेजारच्या मुलीपुढे हात केला.

"एक पान फाडून दे गं."