उलटे फिरवलेले बोट

संकलनाच्या खोलीला खिडकी नव्हती. दोन पडदे, एक खुर्ची आणि भिंतीवर दिवंगत लेखक-पतीच्या हस्ताक्षरातील एक पान, एवढाच तेथे तिचा परिवार. थरारपटांच्या मालिकेचा मूळ शेवट त्या पानावर होता: ‘खुनी मरतो. कायमचा.’

निर्मात्याने तो शेवट मानला नाही. पहिल्या भागाच्या अखेरीस त्याने खुन्याच्या प्रेताचे बोट हलवले, दुसऱ्याच्या अखेरीसही हलवले. आणि श्रेयनामावलीतून लेखकाचे नाव अलगद काढून तेथे स्वतःचे घातले. लेखक त्या नावाची वाट पाहतच गेला. शेवटी पत्नीला म्हणाला होता, “त्या खुन्याला एकदाचा मरू दे गं.”

आता तिसरा भाग चित्रगृहाचे तोंड न पाहता थेट डिस्कवर निघणार होता. निर्माता दारातूनच बोलला.

“वहिनी, उद्या सकाळी डिस्कच्या कारखान्यात पोचलं पाहिजे. मी काही बघायला बसत नाही.”

“आधीचे दोन्ही तुम्ही फ्रेम न् फ्रेम तपासलेत, भावजी.”

“ते थिएटरचे होते हो! व्हिडिओचा माल कोण डोळ्यांत तेल घालून बघतंय? फक्त बोट हललं पाहिजे. त्या बोटावर चौथा भाग विकलाय मी.”

“हलेल की.”

ती खोटे बोलली नाही. बोटाचे ते दृश्य तिने उलटे लावले. शवागारातील उचललेले बोट सावकाश खाली आले, थरथरले आणि निश्चल झाले. टाकून दिलेल्या तुकड्यांतून तिने डॉक्टरचा हात शोधला आणि त्या हाताने खुन्याच्या चेहऱ्यावर पांढरी चादर ओढली. मग काळ्या पडद्यावर पतीचे नाव उमटवले, आणि पुरे बारा सेकंद तेथून हलू दिले नाही.

डिस्क दुकानांत गेल्याच्या तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

“घात केलात, वहिनी! चौथा भाग विकत घेणारी माणसं पाठ फिरवून गेली. मेलेल्या खुन्याचं करायचं काय, म्हणतात. बोट हलवा म्हटलं होतं ना?”

“हललं की. शेवटचं.”

“दादा असते तर त्यांनी असं नसतं केलं!”

“त्यांनीच केलंय, भावजी. नाव वाचलं नाहीत का?”

पलीकडे त्याला धाप लागली. तिने फोन ठेवला नाही. त्याची ती धाप तिला अजून थोडा वेळ ऐकायची होती.